ओंजळीतली मासोळी



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, अष्टम स्कंध, अध्याय चोविसावा. मत्स्यावताराची कथा.

ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी चित्रांच्या पुस्तकात पाहिलेली असते. प्रलयाचं पाणी, नाव, नावेत सप्तर्षी आणि सगळ्या वनस्पतींचं बियाणं, वासुकीचा दोर आणि पुढे शिंगवाला महाकाय मासा. ते चित्र इतकं भव्य आहे की कथेची सुरुवात आपल्या लक्षातच राहत नाही. माझ्याही राहिली नव्हती. आज सकाळी मात्र मी त्या सुरुवातीपाशीच थांबले आणि पुढे गेलेच नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. द्रविड देशाचा राजा सत्यव्रत कृतमाला नदीवर तर्पण करतोय. ओंजळीत पाणी घेतलं, तर त्यात एक चिमुकली मासोळी आली. राजाने पाण्यासकट तिला परत नदीत सोडून दिलं. आपणही हेच केलं असतं ना? मासा पाण्यातला, पाण्यात सोडला, विषय संपला. पण ती मासोळी बोलायला लागते. तिच्या म्हणण्याचा भाव असा: राजा, तू इतका दयाळू, मग मला या पाण्यात कसा सोडतोस? इथे मला गिळणारे आहेत, मला भीती वाटते. तेव्हा कुठे राजा तिला कलशात घेतो आणि आश्रमात नेतो.

राजाचा हात दयाळूच होता. त्याने तिला मारलं नाही, खाल्लं नाही, खेळवलंसुद्धा नाही. फक्त ज्या पाण्यात आपण तिला सोडतोय ते पाणी तिच्यासाठी कसं आहे, हे त्याने पाहिलं नव्हतं.

इथे मला दोन वर्षांपूर्वीचा जून आठवला. हे लिहावं की नाही याचा सकाळपासून विचार करतेय, कारण त्यात मी काही फार चांगली दिसत नाही.

आमचं गाव महाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. खाली ओढा, ओढ्याच्या काठाने भाताची खाचरं, आणि वर उतारावर वरकस जमीन. आजोबा असेपर्यंत तिथे आलटूनपालटून नाचणी, वरी व्हायची आणि मधली काही वर्षं नुसतं गवत. आमच्याकडे पहिला मोठा पाऊस झाला की वलगण लागते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ओढ्याला पहिलं पाणी आलं की नदीतले मासे, पोटात गाभोळी घेऊन, प्रवाहाच्या उलट वर चढतात. रत्नागिरीकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात. मळ्ये, खवळे, शिंगट्या, काय काय असतं. काही मासे भाताच्या खाचरात, गवतात अंडी घालतात. काही वर जाऊन वाहत्या स्वच्छ पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळावर घालतात. आणि वाडीतली पोरं बॅटऱ्या, कोयते, जाळी घेऊन रात्रभर ओढ्यात उभी असतात, कारण वर्षातली ही सगळ्यात सोपी मासेमारी.

मी माळकरी. कॉलेजात असताना माळ घातली. त्यामुळे दरवर्षी माझं आणि चुलतभावाचं या विषयावरून वाजतं. त्या वर्षी मी वीकेंडला गावी होते. तो पहाटे बादली भरून मासे घेऊन आला, आणि मी त्याला अंगणातच गाठून मोठं प्रवचन दिलं. गाभण जीव आहेत रे हे, एकेकीच्या पोटात हजारो अंडी आहेत, तू एक नाही, अख्खी पिढी मारतोस, वगैरे. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, समोर बोलत नाही. मी बादली उचलली, ओढ्यावर गेले आणि जे जिवंत होते ते मासे पाण्यात सोडले. मनात नामस्मरणही चालू होतं. इतकं छान वाटलं की काय सांगू. तोही मागून आला होता. काठावर उभा राहून एवढंच म्हणाला, "ताई, सोडलेस ते बरं केलंस. पण जातील कुठे? पाणी बघितलंस का?"

पाणी तांबडं होतं. दाट चहासारखं. घोट्याएवढ्या पाण्यात स्वतःचा पाय दिसत नव्हता. मी म्हटलं, पहिला पूर आहे, गढूळ असणारच. तो म्हणाला, "पाऊस थांबून तीन दिवस झाले." आणि त्याने वर बोट दाखवलं.

वर आमचीच जमीन होती.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही ती वरकस जमीन जेसीबीने सपाट करून घेतली होती. काजू आणि आंबा लावायचा होता. वर्षानुवर्षांची झुडपं आणि गवत काढून टाकलं, डोंगराला पायऱ्या पाडल्या आणि निघालेली माती सरळ उताराच्या कडेला ढकलून दिली. यात काका, बाबा सगळे होते, पण जेसीबीचे पैसे माझे होते. दिवाळीचा बोनस. मी ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवले होते, "आमची बाग" म्हणून.

काजू-आंबा लावणं वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. १९९० च्या सुमाराला फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली, तेव्हापासून कोकणातल्या कितीतरी घरांना या झाडांनी हात दिला. पण तेव्हाची माणसं उतारावर एकेक खड्डा खणायची, मधलं गवत तसंच ठेवायची आणि झाडाच्या खालच्या अंगाला दगडांचं अर्धचंद्राकृती आळं करायची. आम्ही आठवड्याचं काम दीड दिवसात उरकलं आणि डोंगराची सालच काढली.

त्यानंतर मी हा विषय थोडा वाचला. आधी वाचायला हवा होता, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. उघड्या मातीवर पावसाचा टपोरा थेंब पडला की तो मातीचे कण फोडून उडवतो. गवत असेल, पालापाचोळा असेल, तर थेंबाचा मार त्याच्यावर पडतो आणि पाणी हळूहळू जिरतं. काहीच नसेल तर सुटलेली बारीक माती मातीची छिद्रं बुजवते, पाणी जिरायचं थांबतं आणि वरून वाहायला लागतं. आधी पातळ थर, मग बोटाएवढे ओघळ, मग घळ. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

देशभरातून दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, असा एक अंदाज आहे. १९८३ चा आहे, पण अजूनही तोच सगळीकडे दिला जातो. हेक्टरी सरासरी सोळा टनांच्या वर. आकडा प्रचंड वाटतो ना? पण सोळा टन माती एका हेक्टरवर सारखी पसरली तर थर होतो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. तुमच्या खिशातल्या एटीएम कार्डाहून थोडा जाड. शेतकऱ्याला एका वर्षात तो दिसणं शक्यच नाही. एक इंच माती बनायला शेकडो वर्षं लागतात, पण ती जाताना दिसत नाही, एवढ्या सावकाश जाते.

ओढ्यात मात्र तोच थर दिसतो. खरं तर तिथे दिसण्याचाही प्रश्न नाही, तिथे तो जीव घेतो. गोट्यांच्या मधल्या फटी असतात ना, माशाचं अंडं तिथे सुरक्षित असतं. फटींतून पाणी खेळतं, त्याच्याबरोबर प्राणवायू येतो. महसीरसारख्या माशाचं अंडं तीन-चार दिवसांत फुटतं आणि पिल्लू पुढचे काही दिवस, पोटाशी असलेल्या बलकावर जगत, तिथेच दगडांच्या आडोशाला पडून राहतं. या आठ-पंधरा दिवसांत त्या फटींत बारीक गाळ बसला की वारं बंद केलेल्या खोलीसारखी अवस्था होते. अंडी गुदमरतात. जी फुटतात, त्यांतल्या पिल्लांना वर यायला वाट उरत नाही. दगडावरचं शेवाळ आणि त्यावर जगणारे किडे गाळाखाली जातात, म्हणजे वाचलेल्याला खायलाही काही नाही. अमेरिका-कॅनडातल्या सामन माशांच्या नद्यांवर याचा खूप अभ्यास झालाय, पण गुदमरणं समजायला तिथपर्यंत जायला नको.

पहिल्या पुराचं पाणी लाल असतंच, मासे त्याच खुणेवर तर वर चढतात. एक दिवस लाल पाणी हा निसर्गाचा भाग आहे. पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी लाल पाणी, हा आमचा भाग होता.

आता हिशोब करा. चुलतभावाच्या बादलीत असतील पंधरा-वीस मासे. त्यांच्यासाठी मी त्याला अंगणात उभं करून झापलं. आणि माझ्या बोनसने ओढ्याच्या अख्ख्या तळावर माती घातली होती, जिथे वर चढलेल्या सगळ्याच माशांची अंडी पडणार होती. त्याने जे केलं ते त्याला माहीत होतं. मी माळ घालून, मासे न खाता, त्याच्या कितीतरी पट मारले आणि मला पत्ताही नव्हता.

पुण्याला आल्यावर मी हे आमच्या वाचनगटातल्या एका मैत्रिणीला सांगितलं. तिचं उत्तर तयार होतं. "अगं, भाव बघतात. तुझा हेतू मारायचा नव्हता ना? गीतेच्या अठराव्या अध्यायात नाही का, ज्याला 'मी केलं' असा अहंकार नाही, ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याला मारूनही दोष लागत नाही?" आहे, सतरावा श्लोक. ऐकून बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत राहिलं. मग त्यातली अट आठवली. अहंकार नाही ज्याला. मी ऑफिसभर "आमची बाग" म्हणून फोटो दाखवत फिरले होते. नफ्याच्या वेळी बाग माझी आणि मातीच्या वेळी मी अलिप्त, असं कसं चालेल?

त्याच अध्यायात, थोडं पुढे, पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचं लक्षण आहे. पुढे काय परिणाम होईल, काय झिजेल, कुणाची हिंसा होईल आणि आपली कुवत किती, हे न पाहता मोहाने जे सुरू केलं जातं ते तामस. तामस म्हटलं की मला वाटायचं दारू, भांडणं, शिळं अन्न. इथे भगवंत दुष्ट हेतूबद्दल काहीच बोलत नाहीत. न पाहण्याबद्दल बोलतात. आणि त्या श्लोकात 'क्षय' हा शब्द आहे. शब्दाचा अर्थ तिथे व्यापक आहे, मला कळतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो तांबडा ओढाच येतो.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला बोचली. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला धर्मव्याधाची कथा सांगतात. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण, ज्याच्या रागाच्या नजरेने पक्षी मरून पडला, तो धर्म शिकायला मिथिलेत एका मांस विकणाऱ्याकडे जातो. तो व्याध त्याला जे सांगतो त्यात एक मुद्दा असा आहे की लोक शेतीला चांगलं मानतात, पण नांगराखाली जमिनीतले किती जीव मरतात! कुणीही पूर्ण अहिंसक नाही. जो जपून वागतो त्याच्या हातून कमी होते इतकंच. मी हे आधी दोनदा तरी वाचलं असेल आणि दोन्ही वेळा त्या व्याधाचं कौतुक वाटलं होतं. आपल्या घरातला मासे मारणारा भाऊ ओढ्याच्या काठावर तेच सांगतोय, हे तेव्हा ओळखू आलं नाही. त्या ओढ्याचा तळ त्याला पाठ आहे. कोणत्या डोहाच्या वर बारीक गोटे आहेत, कुठे खवळे फिरतात, कुठे यंदा मातीच माती आहे. मी पुण्याहून जाते आणि मला फक्त पाणी दिसतं.

आमच्याच तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. खोल डोह, काठाला देवी, आणि डोहात मोठमोठे महसीर. देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही, उलट येणारे लोक खाऊ घालतात. देहूला इंद्रायणीतल्या माशांनाही असंच अभय होतं. सरकारी अभयारण्यांच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी श्रद्धेने हे करून ठेवलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण आता तिथे गेले की एक प्रश्न मनात येतो. आपण डोहाला अभय दिलं. पावसाळ्यात अंडी घालायला मासा वर जातो, त्या ओढ्यांना दिलं का? त्या ओढ्यांवरच्या उताराला? देवीची हद्द आपण पाण्याच्या कडेला संपवली, आणि माती तर त्या हद्दीच्या बाहेरून येते.

बरं, मला पश्चात्ताप झाला, पण जमीन काकांची, कसणारे तेच. त्या दिवाळीत मी विषय काढला. काका शांत माणूस आहे, पण चिडला. "म्हणजे मी आता माशांसाठी जमीन सोडू? तुझं बरं आहे गं, तुला पगार येतो. एक तर एवढीशी जमीन. सरकार नाही सोडत, धरणवाले नाही सोडत, आणि माशांचं पाप माझ्या एकट्याच्या डोक्यावर?"

मंडळी, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं हा खरा प्रश्न आहे. मातीचं नुकसान ज्याचं, तो वर. माशाचं नुकसान होतं ते खाली. काजूगर खाणारी मी आणि तुम्ही, शंभर-दीडशे किलोमीटरवर. गर विकत घेताना दोनशे रुपयांची घासाघीस आपण करतो, आणि तो स्वस्त पडावा म्हणून उतार जो कापतो त्याला आपण अहिंसा शिकवायची? मी तेव्हा गप्प बसले.

काका वळला तो माशांमुळे नाही. ओढ्याच्या पलीकडे खालच्या वाडीतल्या एका काकूंचं खाचर आहे. एकट्या राहतात, दोन गुंठ्यांचं खाचर, त्यावरच वर्षाचा तांदूळ. आमच्या घळीतून आलेली माती आणि मुरूम पुरात त्यांच्या बांधावरून आत गेला होता आणि त्यांचा अर्धा लावलेला भात गाडला गेला होता. त्या भांडल्या नाहीत. तक्रारही केली नाही. भाऊबीजेला फराळ द्यायला आल्या, तेव्हा आईला सहज म्हणाल्या की यंदा तांदूळ विकत घेतेय. काकाने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घमेलं-फावडं घेऊन त्यांच्या खाचरात होता. चुलतभाऊ आणि मीही गेलो. चार दिवस आम्ही ती माती उपसून वर नेत होतो. वराहाने पृथ्वी पाण्यातून दातावर उचलली असं तिसऱ्या स्कंधात आहे. आमच्याने एका खाचरातली उचलवेना, तिसऱ्या दिवशी माझी पाठ धरली.

मग जे केलं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी काहींच्या गावी जमिनी आहेत आणि काही जण "वीकेंड होम"साठी प्लॉट पाहत आहेत, हेही मला माहीत आहे.

तीन काठ्या, सुतळी आणि एक दगड. यातून ए अक्षराच्या आकाराची चौकट होते, आणि तिने उतारावर समपातळीची रेषा आखता येते. दगडाची सुतळी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. अशा आडव्या रेषा आखून त्यावर आम्ही वाळ्याची रोपं लावली, वीतभरापेक्षा कमी अंतराने, दाट. हो, तोच वाळा, उन्हाळ्यात माठात घालतो तो. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि वरचं दाट गवत पाण्याचा वेग मोडतं. माती त्याच्या मागे साठत जाते. घळ होती तिथे दगडांचे छोटे गडगे घातले, खालून वर एकापाठोपाठ. जेसीबीने ढकललेल्या सुट्या मातीवर गवताचं बी फेकलं आणि कलमांच्या मधली जागा कोळपायची, साफ करायची बंद केली. काकाला तो "गबाळेपणा" अजूनही खुपतो. आणि ओढ्याच्या काठाला पंधरा पावलांची पट्टी सोडली. तिथे करंज, उंबर, जांभूळ आणि पाण्यालगत शेरणी. त्या पट्टीत आधी आम्ही दरवर्षी खाचर थोडं थोडं पुढे सरकवत होतो. ती आमची नव्हतीच म्हणा.

मजुरीचे पैसे मी दिले. या वेळी फोटो कुणाला दाखवले नाहीत.

खालच्या खाचरांचं अजून ठरत नाहीये. चिखलणी केली की बांध फुटला किंवा पाणी काढलं तर गढूळ पाणी ओढ्यातच जातं. नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत भाताची अशी पद्धत बसवली आहे की चिखलणीच करायची नाही. गादीवाफे एकदा करायचे, टोकण करायची आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची. माती हलतच नाही. चुलतभाऊ जाऊन बघून आलाय आणि एका खाचरात करून पाहतो म्हणतोय. काका म्हणतो, चिखल न करता भात होतो हे मी बघितल्याशिवाय मानणार नाही. योग्यच आहे. पोटाचा प्रश्न आहे, प्रयोग फसला तर तांदूळ मी ऑनलाइन मागवून देणार आहे का?

एकाने मला मेसेजमध्ये विचारलं होतं की माशांचं एवढं काय, सृष्टी नश्वर आहे, आपण नामात राहावं. नामात राहावंच. पण सत्यव्रत तर्पण करत होता, म्हणजे तो नित्यकर्मातच होता, आणि मासोळी नेमकी त्याच ओंजळीत आली. त्याने म्हटलं नाही की थांब, माझं कर्म पुरं होऊ दे. आणि तो मासा कोण आहे हेही त्याला तेव्हा माहीत नव्हतं. भगवान म्हणून नाही, घाबरलेली मासोळी म्हणून त्याने तिला कलशात घेतलं. ओळख पुढे पटली. ती वाढत गेली, कलश पुरेना, रांजण पुरेना, तळं पुरेना. प्रत्येक वेळी तिने सांगितलं की एवढ्याने होत नाही, आणि प्रत्येक वेळी त्याने आणखी मोठी जागा शोधली. चिडला नाही. मी बादली रिकामी करून घरी आले होते, आणि माझ्या लेखी काम झालं होतं.

यंदा जूनमध्ये पुन्हा गेले होते. पहिल्या पावसाला ओढा लालच होता. दुसऱ्या दिवशी पिवळट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघाभर पाण्यात गोटे दिसत होते, सगळीकडे नाही, आमच्या पट्टीच्या बाजूला. वरच्या दुसऱ्या एका जमिनीत यंदा नवीन जेसीबी लागलाय, तिथला गाळ येतोच. त्यांना काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने? चुलतभाऊ म्हणाला, मी बोलतो, तुझं ते ऐकणार नाहीत. त्याचं म्हणणं बरोबर आहे.

तो अजूनही मासे मारतो. पण आमच्या ओढ्यात वलगणीचे पंधरा दिवस जाळं टाकत नाही, खाली नदीवर जातो. हे मी सांगितलं म्हणून नाही. त्याने आणि वाडीतल्या दोघांनी आपसांत ठरवलं, मला नंतर कळलं. गेल्या आठवड्यात त्याने एक व्हिडिओ पाठवला. शेरणीच्या मुळांजवळच्या उथळ पाण्यात नखाएवढी पिल्लं, पन्नास-साठ असतील, एकदम वळतात आणि एकदम थांबतात. कसली आहेत विचारलं तर म्हणाला, एवढ्यात कळत नाही, मोठी होऊ देत.

घळीतला खालून तिसरा गडगा जुलैच्या पावसात फुटलाय. गणपतीला गेलो की तो आधी बांधायचा आहे.

उद्या याच अध्यायात पुढे, राजाला मासा ओळखू येतो तो भाग वाचू.

राम कृष्ण हरी.